फुलाची पाटी

ज्याला नाव आहे ते झाड आणि ज्याला नाव नाही ते तण, या तत्त्वावर सगळी सार्वजनिक उद्यानं उभी आहेत. त्यामुळे कुंपणाशी आपोआप उगवलेलं ते काळपट जांभळं, सुगंधी फूल बेकायदेशीर होतं. (देवानं ते निर्माण करताना पाटीची तरतूद केली नव्हती. त्रुटी वरिष्ठांना कळवण्यात आली आहे.) सोमवारी तपासणी, तोवर पाटी लागली नाही तर रोप उपटा, असा हुकूम आला.

उद्यान अधीक्षकांना हे परवडण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी त्या वासापाशी घटकाभर टेकल्याशिवाय त्यांचे पाय घराकडे वळतच नसत. त्यांनी रीतसर सभा बोलावली. विषय : सदर फुलास लोक काय म्हणतात.

लोक भरपूर म्हणत होते. 'सासूचा रुसवा', 'आत्याबाईंचं नाक', 'मेव्हण्याचा रुबाब'. शेकडा नव्वद नावं नातेवाइकांवरून होती, उरलेली शेजाऱ्यांवरून. (स्वतःवरून एकही नाही.)

"आमच्यात याला 'थोरलीचा तोरा' म्हणतात," शिंपीणबाई म्हणाल्या.

"हो का? आमच्यात 'धाकटीची जीभ' म्हणतात!" मागच्या बाकावरून त्यांच्या थोरल्या जाऊबाई कडाडल्या.

अधीक्षकांनी आधारासाठी बायकोकडे पाहिलं. "अगं, आपल्याकडे काय म्हणतात?"

"'ह्यांचा उशीर'."

सभेनं टाळ्या वाजवल्या. (एकमत झालं ते एवढंच.)

एखादं नाव गाळावं तर सुचवणाऱ्याचा अपमान, घ्यावं तर नातेवाइकाचा. अपमान सर्वांना सारखा मिळावा म्हणून अधीक्षकांनी सगळीच नावं घेतली. पाटी ऐसपैस झाली. तिला लोखंडी खांब लागले, खांबांना सिमेंटचा चौथरा लागला, आणि चौथऱ्याला कुंपणाशी जागा एकच होती. रोप उपटताना अधीक्षकांनी हात अगदी हलका ठेवला.

तपासणी उत्तम पार पडली. साहेबांनी पाटीजवळ नाक नेऊन "वा!" म्हटलं. अधीक्षक आता वेळेवर घरी जातात. "उशीर बरा होता हो," बायको म्हणते.

पाटीवरची शेवटची ओळ मुद्दाम कोरी ठेवली आहे. तुमच्या घरीही या फुलाला नाव असणारच. ते विचारायला उद्यानाचा माणूस येईल, तेव्हा आपण कृपया जरा बाहेर फिरून यावं. घरच्यांना मोकळेपणानं सांगता येईल.