बाईंच्या कुंडीतलं बायफोकालिया

चष्मेवाल्याने लाल माठाचं बी फ्रेमचे स्क्रू उचलायच्या चिमट्याने पेरायला घेतलं, तेव्हाच त्याच्या बायकोने हात टेकले. बी खसखशीएवढं, काळंभोर, चकचकीत. तो डोळ्याला भिंग लावून एकेक दाणा उचलत होता आणि ट्रेमधल्या मातीत बोटभर खोल भोक पाडून त्यात सोडत होता.

"अहो, वाळूत मिसळा आणि भुरभुरा. वर माती अगदी नावाला," ती म्हणाली.

"भुरभुरायला ते काय मीठ आहे? माझं काम बारीक नजरेचं."

"बी पेरताय तुम्ही, कुणाचा नंबर काढत नाही."

ट्रे भरला. उरलेलं बी कागदावर घेऊन तो उजेडात न्याहाळायला गॅलरीच्या कठड्याशी गेला आणि तिथे त्याला शिंक आली. चष्मेवाल्याची शिंक म्हणजे लहानसा अपघातच असे. कागद कोरा झाला आणि बी खालच्या गॅलरीत उतरलं.

खाली राहत होत्या त्याच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या केव्हाच निवृत्त झाल्या होत्या, पण ही बातमी चष्मेवाल्याच्या गुडघ्यांपर्यंत पोचली नव्हती. त्याचं पोट सुटलं, कानशिलं पांढरी झाली, तरी जिन्यात बाई दिसल्या की त्याचा हात आपोआप शर्टाचं वरचं बटण लावायला जाई. आणि बाईंच्या गॅलरीत होते त्यांचे निवडुंग, एका रांगेत, उंचीप्रमाणे उभे केलेले.

पुढच्या आठवड्यात वरच्या ट्रेमध्ये नुसती माती होती आणि खाली प्रत्येक निवडुंगाच्या पायाशी लालचुटुक कोंबांची दाटी झाली होती. बाईंनी त्याला बोलावून घेतलं.

"डोळ्यांचा धंदा आहे ना तुझा? बघ बरं, काय आहे हे."

'बाई, माझ्या शिंकेतून पडलेला माठ आहे,' एवढंच म्हणायचं होतं. पण बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि त्याचा हात बटणाकडे गेला. "बाई, हे... दुर्मिळ वाटतंय."

"नाव?"

"बायफोकालिया," तो म्हणाला. सकाळपासून दुकानात तेवढं एकच विकलं गेलं होतं.

बाईंनी एक पान उलटून पाहिलं. "वरून हिरवं, खालून लाल. म्हणून बायफोकल. पटतंय."

चष्मेवाला घरी आला तो घाम पुसत. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. तिला धक्का बसला असावा, असं त्याला वाटलं.

त्यानंतर दुकानात त्याच्या शाळेतल्या एकेक निवृत्त शिक्षिका यायला लागल्या. विज्ञानाच्या बाईंनी विचारलं, "याला फुलं येतात का रे?"

"येतात," तो म्हणाला. "पण जवळूनच दिसतात."

चित्रकलेच्या बाई मोबाइलवर फोटो घेऊनच आल्या. हे मूळचं कुठलं, असं त्यांनी विचारल्यावर त्याने डोंगराळ भागातलं म्हणून सांगितलं. कुठल्या डोंगराळ भागातलं, असं विचारल्यावर त्याला एकाएकी मागच्या खोलीत काम निघालं. भूगोलाच्या बाई येताना दिसल्या तेव्हा त्याने सरळ शटर अर्धं ओढलं.

इकडे रोपं वीतभर झाली. बाईंनी त्याला जिन्यात गाठलं.

"रविवारी पुष्पप्रदर्शन आहे. मी एक कुंडी ठेवतेय. परीक्षक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आहेत. पाटीवर शोध लावणारा म्हणून तुझं नाव घालते."

"माझं कशाला, बाई?"

"शाळेचं नाव होईल."

चष्मेवाल्याची अन्नावरची वासनाच उडाली. समोर ताटात लसूण घातलेली पालेभाजी होती, तिच्याकडे बघून त्याला गलबलून आलं. शेवटी शनिवारी सकाळी, बाई फिरायला गेल्या असताना, त्याने शेजारधर्म म्हणून घरात ठेवलेली त्यांची किल्ली उचलली. बेत साधा होता. सगळी रोपं उपटायची आणि खापर कबुतरांवर फोडायचं. निवडुंगाने त्याच्या बोटांची चाळण केली, पण त्याने सगळ्या कुंड्या साफ केल्या आणि जुडी काखेत मारून वळला. दारात बाई उभ्या होत्या.

"छाटणी करत होतो, बाई," तो म्हणाला. "मुळापासून."

बाईंनी जुडी त्याच्या काखेतून काढून घेतली, हातावर तोलली. "दोघांना पुरेल. लसूण आहे ना घरी?"

"बायफोकालियात लसूण?" त्याने विचारलं.

"अरे, माठ आहे हा. लहानपणी पाट्या भरभरून निवडलाय मी. आणि तुझी शिंक ऐकली होती मी, शेजारच्या इमारतीनेही ऐकली असेल. म्हटलं, बघू तरी, खरं बोलायला किती वेळ लावतोस ते."

"मग त्या विज्ञानाच्या बाई?"

"तुझ्या तोंडून ऐकायचं होतं त्यांना. जाऊन आल्यावर माझ्याकडे चहाला यायच्या. जवळूनच दिसणारी फुलं ऐकून त्यांना उचकी लागली ती थांबेना. भूगोलाच्या बाई मात्र नाराज आहेत, त्यांच्या वेळी तू शटर ओढलंस."

"आणि प्रदर्शन?"

"कसलं प्रदर्शन?" बाई म्हणाल्या आणि जुडी त्याच्या हातात परत दिली. "जा, बोटांना हळद लाव. आणि बायकोला सांग, परवा तिने माझ्याकडून नेलेली जुडी कोवळी होती, ही जरा जास्त शिजव."

चष्मेवाला जिना चढून आला तेव्हा बायको दारातच लसूण सोलत बसली होती. त्याने जुडी तिच्यापुढे ठेवली; तिचे खांदे हलत होते. त्या दिवशी तो भाजी दोनदा मागून जेवला आणि यापुढे जन्मात खोटं बोलायचं नाही असं ठरवून दुपारी दुकानात गेला.

दुकानाच्या पायरीवर एक गृहस्थ पिशवी घेऊन बसले होते. ते कुठल्याशा लांबच्या गावाहून दोन बस बदलून आले होते. चित्रकलेच्या बाईंचा फोटो कुणाकुणाच्या मोबाइलवरून त्यांच्यापर्यंत पोचला होता.

"बायफोकालियाचं एक रोप हवं होतं," ते म्हणाले.

चष्मेवाल्याने आधी रस्त्यावर येऊन दोन्ही बाजूंना बघितलं. कोपऱ्यावर बाई नव्हत्या, त्यांच्यापैकी कुणीच नव्हतं. मग आत येऊन त्याने शर्टाचं बटण लावलं आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "साहेब, तो साधा लाल माठ आहे. आम्ही खाल्ला तो."

गृहस्थ उठले. मग पिशवीची घडी करून ती बगलेत मारली.

"द्यायचं नसेल तर सरळ तसं सांगा," ते म्हणाले. "माठ काय आम्ही कधी पाहिला नाही?"