चौतीस हंड्यांची रांग

"आपली शीट फिक्स! आता फक्त निकाल लागायचा राह्यला!" मतदानाच्या आदल्या दिवशी बिभीषणनं चहाच्या टपरीवर छाती ठोकून सांगितलं. प्रचार बंद झाला होता, पण याचं तोंड काही बंद व्हायला तयार नव्हतं.

माणूस तसा वाईट नव्हता बरं का! मूळचा पिशोरकडचा, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला. त्याचा बाप मुंजाबा कागदासाठी कुठल्याही कचेरीत गेला की दिवसभर दाराबाहेर उकिडवा बसायचा. आत साहेबांपुढं दोन खुर्च्या रिकाम्या असायच्या, पण 'बसा' म्हणून त्याला कधी कुणी म्हटलं नाही. पोरानं ते लहानपणी पाहिलं आणि ते त्याच्या मनातून काही केल्या गेलं नाही. पुढं त्यानं शहराच्या कडेला प्लॉट घेतला, पत्र्याच्या जागी स्लॅब टाकला आणि एकच ध्यास घेतला. आपण नगरसेवक व्हायचं, महापालिकेच्या सभागृहात बसायचं आणि बापाला वर गॅलरीत ऐटीत खुर्चीवर बसवायचं!

समोर होता सांडूशेठ. गुलमंडीत कापडाचं दुकान, तोंडात साखर आणि नात्यागोत्याची अख्खी एक गल्ली पाठीशी. बिभीषण अपक्ष. त्याला चिन्ह मिळालं हंडा. तेव्हापासून गडी जमिनीवर नव्हताच!

कारण त्या वर्षी दुष्काळ असा होता, की वस्तीत नळ आठ दिवसांनी यायचा. बायका पंचमी विसरतील, पाहुण्यांचं लग्न विसरतील, पण नळाचा वार? नाव नको! मतदान होतं मंगळवारी आणि नळ होता बुधवारी. इथं बिभीषणचं डोकं चाललं. पालिकेच्या नळाचा व्हॉल्व्ह सोडणारा कचरू त्याच्याच गावचा.

"कचरू, एक दिवस आधी सोड ना भौ! मंगळवारी सकाळी सहाला."

"आरं, आचारसंहिता हाय! तुझं नाव निघालं तर दोघं बी आत जाऊ!"

"नाव कामून निघंल? मी बोलणारच नाय. बाया सकाळपासून हंडे भरतील. भरून भरून त्यांच्या डोळ्यापुढं काय राहील? हंडा! तशाच जातील आन् हंड्याचं बटन दाबतील!"

कचरूनं मान डोलावली. बिभीषणनं बायकोला, शालूला, बजावलं, "उद्या नळ येतोय, एवढंच सांग. कोणी आणला ते नको सांगू." शालूनं रात्रीच्या जेवणाआधी वस्तीभर बातमी पोचवली.

मंगळवार उजाडला. सहा वाजले. नळ कोरडा! सात वाजले, नळानं नुसतं फुस्स केलं. बिभीषणनं कचरूला फोन लावला, तर फोन बंद. नऊ वाजता कचरूच्या बायकोकडून उलगडा झाला. कचरूची रात्री ऐन वेळी इलेक्शन ड्यूटी लागली होती, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला! केंद्रात फोन चालू ठेवायची मनाई!

आता खरी पंचाईत ऐका. नळ येणार म्हणून कळलंय आणि नळ आलेला नाही, अशा वेळी बाई घर सोडत असते का? प्रत्येक दारात ड्रम, पिंप, बादल्या मांडलेल्या आणि पाटावर घरधनीण ठाण मांडून बसलेली. तिकडं सांडूशेठच्या गल्लीत नळाची बातमी पोचलीच नव्हती. ती मंडळी सकाळी न्हाऊन, अत्तर लावून रांगेत!

"चंपाबाई, चला की मत द्यायला!" बिभीषण गयावया करू लागला.

"देते की! नळ येऊन जाऊ दे."

"आवं, तो येईल न येईल..."

"असं कसं? शालू म्हणली नक्की येतोय. तुझीच बायको ना ती?"

बिचारा पुढच्या दाराकडं वळला. दुपार झाली, तरी हीच तऱ्हा. चार वाजता कचरूला ड्यूटीवरून घटकाभर मोकळीक मिळाली. दिलेला शब्द पाळायचा म्हणून गडी मोटारसायकल हाणत आला आणि व्हॉल्व्ह सोडला. असा जोर, की दोन तोट्या उडाल्या! वस्तीत एकच गलका झाला. सकाळपासून जी दोन-चार माणसं मताला निघायच्या बेतात होती, तीसुद्धा चपला काढून पाइप धरायला पळाली!

बिभीषण रडकुंडीला आला. "बायांनो, साडेपाचला दार बंद होतंय! माझ्या बापाची शपथ हाय!"

चंपाबाईला दया आली. तिनं एक रिकामा हंडा त्याच्या पुढ्यात ठेवला. "एवढा घायकुतीला कामून येतो? टँकरला लावतो तसा आमचा नंबर लाव. पाळी आली की हाक मार."

आता तुम्ही-आम्ही हसू. पण त्या वस्तीत आजवर टँकरपुढं हंड्यांनी लावलेल्या रांगेवरून कुणाचं दुमत झालं नव्हतं. तिथं हंडा म्हणजे माणूसच! बिभीषणला तर ही युक्ती ऐकून गहिवरून आलं. त्यानं हातगाडी आणली, दारोदार फिरून चौतीस हंडे गोळा केले आणि शाळेतल्या मतदान केंद्रात नेऊन रांगेच्या शेवटी एकामागं एक मांडले. कपाळाचा घाम पुसला आणि पोलिसाला म्हणाला, "चौतीस मतदार हायेत. लक्ष असू द्या."

पोलीस पळत केंद्राध्यक्षांना घेऊन आला. या मंजुषा मॅडम एरवी एका शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी चष्मा वर केला.

"हे काय आहे?"

"रांग."

"माणसं कुठे आहेत?"

"येतील की! नंबर लावलाय."

"अहो, साडेपाचला जे मतदार रांगेत उभे असतील, त्यांना मी चिठ्ठी देणार. हंड्याला चिठ्ठी कशी देऊ?"

"मॅडम, हंडे उभेच हायेत! एकबी आडवा नाय!"

मॅडमना हसू आवरेना. पण एवढ्यात सांडूशेठ आला, आणि हंडे बघून त्याचे डोळे चमकले. "मॅडम! केंद्राच्या शंभर मीटरच्या आत उमेदवाराचं चिन्ह! एक नाय, चौतीस! हा प्रचार हाय, नोंद करा!"

मॅडमचं हसू गेलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटांत हे सगळं शंभर मीटरच्या बाहेर न्या. नाहीतर मला गुन्हा नोंदवावा लागेल."

झालं! आता गुन्हा म्हटल्यावर खुर्ची तर लांबच, उमेदवारीचं काय होईल कोण जाणे! बिभीषण धावला. दोन बगलेत, दोन हातात, अशा फेऱ्या मारत त्यानं हंडे रस्त्यावरच्या चुन्याच्या रेघेपलीकडं नेले. नेले ते नेले, पण सवयीनं तिथंही ओळीत मांडले. इथंच घात झाला!

पाच वीसला नळ गेला आणि ओल्या पदरानं बायका धावत आल्या. बघतात तर हंडे रेघेबाहेर. त्यांना वाटलं, रांग इथवर आलीय! जी ती आपापल्या हंड्यामागं शिस्तीत उभी राहिली.

"आवं, इथं नाय! आत चला, आत!" बिभीषण ओरडला.

"आत कामून? माझा हंडा इथं हाय!"

"आन् चतुराबाईचा माझ्या पुढं कसा गेला गं? मी आधी दिला होता!"

"तुझा चेपका हाय, त्यो मागंच होता!"

भांडण असं जुंपलं, की हंडे वाजायला लागले. बिभीषण एकीचा हात धरून ओढायचा, तर दुसरी म्हणायची, "वशिलेबाजी करतो व्हय!" तेवढ्यात शाळेचं फाटक बंद झालं. आत जेवढे उभे होते, तेवढ्यांना मॅडमनी चिठ्ठ्या वाटल्या. वस्तीतल्या बायका फाटकाबाहेर नंबरावरून भांडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. सांडूशेठ सात मतांनी विजयी!

संध्याकाळी चंपाबाई सांडूशेठनं वाटलेला पेढा घेऊन आली. "वाईट वाटलं रे बिभीषण. पण काही म्हण, सांडूशेठ लई पोचलेला माणूस! निवडून यायच्या आधीच पाणी आणलं बघ, तेबी वार नसताना!"

बिभीषणनं तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा ते त्यानं तसंच मिटलं. बोलला असता तर तो आणि कचरू, दोघांची रवानगी ठरलेली! त्यानं मुकाट्यानं पेढा खाल्ला आणि येऊन बापाशेजारी ओट्यावर बसला. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"बाबा, तुम्हाला खुर्चीवर बसवायचं होतं."

मुंजाबानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आरं येड्या, कळपाला पाणी मुक्कामाला पोचल्यावर दावायचं असतं. वाटंत दावलं तर मेंढरू पुढं पाऊल टाकतं व्हय?"

"मग हे आधी सांगायचं ना!"

"तू इचारलं कवा?"

"जाऊ द्या आता. तुमचं एक मत तरी पडलं ना मला?"

म्हातारा अंगणातल्या काठोकाठ भरलेल्या ड्रमावर झाकण ठेवायला उठला. मग हळूच म्हणाला, "एकोणिसावा हंडा माझा होता."