तात्यांचा भंडारा

दगडूतात्यांनी माझ्या मोपेडच्या पेट्रोलच्या टाकीत भंडारा टाकला होता. गाडी सकाळी कुरकुर करते, एवढंच मी बोललो होतो. बारामतीच्या मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला आणि गुरुजी, यात फोडणी देता काय, असं विचारलं.

कोऱ्हाळ्यात आमची भिंतीला भिंत. तात्यांच्या वाडवडिलांनी मेंढरं राखली, तात्या ऊस राखत. बिरोबा तेवढा तोच राहिला. बंडीच्या खिशात भंडाऱ्याची, म्हणजे देवापुढच्या हळदीची, पिशवी कायम. पोट दुखो, म्हैस आटो, विहिरीवरची मोटार जळो, "बोटभर लावला की झालं." मोटार वायरमन दुरुस्त करायचा आणि श्रेय भंडाऱ्याला जायचं. डॉक्टरांवर त्यांचा राग नव्हता. "ते बिचारं शिकल्यालं हाय," असं कीव करून म्हणायचे. शाळेत लस टोचायला नर्स आली, तर तिच्याही कपाळाला बोट लावून गेले. आम्ही मास्तर मंडळी हसून बेजार झालो.

पुढे त्यांच्या बायकोची, हौसाकाकींची, अन्नावरची वासना उडाली. अंगात ताप, सारखी मळमळ. तात्या दोन्ही वेळा त्यांच्या कपाळाला, गालांना, हातापायांना भंडारा चोळायचे. काकी ओसरीवर पिवळ्याजर्द बसलेल्या असायच्या. बायका म्हणायच्या, देवाचं तेज चढलंय. मीही जाता जाता चेष्टा केली, काकी, जेजुरीहून आलात काय? त्या हसल्या आणि मान वर केली, तेव्हा डोळ्यांतला पांढरा भागही पिवळा दिसला. भंडारा गेला असेल, असं म्हणून मी शाळेला निघून गेलो. शरीरशास्त्राचा धडा मीच शिकवायचो.

आठवड्याने काकींची शुद्ध हरपली. मग जीप केली आणि बारामती गाठली. दवाखान्यात नर्सने ओल्या कापसाने त्यांचं तोंड पुसलं. कापूस पिवळा झाला. दुसरा पिवळा झाला, तिसराही. चौथा पांढरा निघाला, तरी काकी पिवळ्याच होत्या.

कावीळ केव्हापासून आहे, डॉक्टरांनी विचारलं. तात्या त्या पांढऱ्या कापसाकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी काकी गेल्या.

लोक अजून तात्यांकडे येतात. तात्या आधी त्यांना तोंड धुवायला लावतात, उन्हात उभं करून पापण्या वर करून बघतात आणि बारामतीला धाडतात. तिथून आल्यावर भंडारा लावू म्हणतात. एवढी काळजी करणारा माणूस आता चुलीपुढं एकटा भाकरी थापतो, ते बघवत नाही.

संध्याकाळी मी दिसलो की ते ओसरीवरून हाक मारतात. बोलणं ऊसपाण्यावरून सुरू होतं, पण विचारायचं असतं एकच.

"गुरुजी, तुमी शिकल्यालं. रोज तिला बघत हुता. तुमाला बी न्हाय ना दिसलं?"

"न्हाय, तात्या," मी म्हणतो.

त्या रात्री ते नीट जेवतात.