वट्टमवार सर आणि चारची नोंद

वट्टमवार सरांसमोर ‘अंदाजे’ हा शब्द काढायची सोय नाही. नांदेडला आमची घरं भिंतीला भिंत लागून. एकदा मी म्हटलं, "सर, नळाला अंदाजे सहाला पाणी येईल." सर म्हणाले, "पुरावा?" मी बादली घेऊन आत गेले.

सर कॉलेजात ग्रंथपाल होते. फ्रेंच पुस्तकावरून शिकले आणि निवृत्तीनंतर दख्खनमध्ये फिरलेल्या एका फ्रेंच व्यापाऱ्याची पत्रं मराठीत आणायला बसले. पत्रं सोपी, जीव खातात त्या तळटीपा. कुठल्या दप्तरखान्यातला कुठला कागद, हे सगळं तुटक अक्षरांत. ‘एस. दे.’ म्हणजे कागदावर तारीख नाही, हे उलगडलं तेव्हा सरांनी गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या एका तीन अक्षरी खुणेसाठी पाँडिचेरीला चार पत्रं धाडली. "अंदाज म्हणजे लबाडी. दोन पुरावे पाहिजेत!" चहा झाला की चारला मूळ पत्र खणखणीत वाचायचे. त्या आवाजात माझी टीव्हीवरची मालिका बुडायची.

गेल्या वर्षी सरांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या आणि ते वाचन थांबलं.

परवा सर जुनं कॅलेंडर घेऊन आले. रोजच्या चौकोनात काकूंचं बारीक अक्षर: ‘४ – फ. ऐ.’

"चारची गोळी असंल," सर खाली बघत म्हणाले. "माझ्याकडून आणायची राहिली का काय... वर्ष झालं, सगळ्या मेडिकलवाल्यांना विचारतोय. अशी गोळीच न्हाई म्हणतात."

वर्षभर हा माणूस ते ओझं घेऊन फिरत होता. मी तो चौकोन पुन्हा वाचला आणि एकदम आठवलं.

"सर, फ्रेंच ऐकणे!"

"पुरावा?" सवयीनं निघालंच तोंडातून.

"एकादशीला चारच्या भजनाला काकूंना किती बोलावलं मी. म्हणायच्या, ‘न्हाई गं, चारला ह्यांचं फ्रेंच ऐकायचं असतंय. कळत काई न्हाई, पण आवाज लई गोड हाय.’"

"ती तर डोळे मिटून पडायची. मला वाटायचं, झोपली."

परक्या मुलखातली कोडी सोडवणाऱ्या माणसाला हे सुचलं नाही, कारण आपलं कुणी ऐकतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"कॅलेंडर एक, मी दुसरी. झाले दोन पुरावे," मी म्हटलं. सर कॅलेंडर गुंडाळू लागले. गुंडाळी काही नीट होईना.

दुसऱ्या दिवशी चारला भिंतीपलीकडून फ्रेंच सुरू झालं. आधी अडखळत, मग खणखणीत. मी मालिका बंद केली. कळलं काहीच नाही, पण शेवटपर्यंत ऐकलं.