पाठ दुखते, पोट दाबतो

प्रमोदभाऊ नमस्कार करत नाहीत, अंगठा रोवतात. लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर, कुठेही. एकदा तर शहाद्याला आमच्या धरण्यात मी मूठ वर करून घोषणा देत होतो, तेव्हा मागून माझ्या खांद्यात अंगठा घुसला. मी असा किंचाळलो की हवालदारच धावत आला.

"आठे शे तुन्हं दुखणं," म्हणाले, आणि भर रस्त्यात माझा हात दुमडून डोक्यामागे नेला. "आंग सोडी दे. तू काही करू नको, मी धरेल शे." मागे कार्यकर्ते हसतायत, पुढे मी पिळलेल्या फडक्यासारखा.

पण खांदा मोकळा झाला, हे मान्य करतो.

प्रमोदभाऊ फिजिओथेरपी शिकलेत. लोणखेड्यात त्यांची उपचाराची एक खोली आहे. त्यांची रीत अशी: दुखरा बिंदू शोधायचा. मग अंग ताणायचं नाही, उलट त्या बिंदूभोवती घडी घालायची, दुखणं जवळजवळ विरेल इतकी. दीड मिनिट तसंच धरायचं, अगदी सावकाश सरळ करायचं आणि पुन्हा दाबून बघायचं. ओढाताण नाही, कडकड आवाज नाही.

आणि तिथंच घोडं अडतं! आमच्या लोकांना दुखल्याशिवाय इलाज वाटत नाही. मान मोडणाऱ्याकडे रांग, इथे बाक रिकामा. सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्टचं पद भरा म्हणून आम्ही पत्रकं वाटतो, तर लोक विचारतात, "पाय वर करी झोपाले डॉक्टर कसाले जोयजे?"

यात सगळ्यात पुढे कोण? प्रमोदभाऊंचे वडील, आबा. "पोऱ्या शिकना, आनी लोकेसन्या माना धरी बठना," असं गावभर सांगायचे. केळीचा बाग सोडला म्हणून मुलाशी बोलणं बंद. शेतातल्या घरी आबा, गावात प्रमोदभाऊ. आईला जाऊन वर्षं झाली, दोघांचा स्वयंपाक वेगळा.

मग केळीचे घड उचलताना आबांची कंबर धरली. वाकले ते वाकलेच. मान मोडणारा येऊन पाठ तुडवून गेला, ते आणखी वाकले. प्रमोदभाऊंना कळलं, तेव्हा मी समोरच होतो. खोलीला कुलूप लावून म्हणाले, "आबासले मीच सरळ करसू. चाल."

आबा खाटेवर काटकोनात बसलेले. मुलाकडे बघितलंही नाही. प्रमोदभाऊंनी न विचारता त्यांना आडवं केलं आणि पोटात अंगठा घातला.

आबा ओरडले, "पाठ दुखस रे! पोट काय दाबस?"

"पोटमातला स्नायू पाठले ओढस, आबा."

मुलाने खाटेवर एक पाय टेकवला, म्हाताऱ्याचे दोन्ही पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले, गुडघे छातीकडे नेले. भांडखोर आबा एवढेसे झाले. शिव्या हळूहळू थांबल्या. बाहेर शेतातला पाण्याचा पंप तेवढा चालू होता.

मग पाय सावकाश खाली. आबा उठले, उभे राहिले. सरळ! दारापर्यंत ताठ गेले आणि तसेच परत आले. पुन्हा आडवे झाले. प्रमोदभाऊंनी बिंदू दाबला. अंगठा लोण्यात जावा तसा आत गेला. आबांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"थोडं दुखस आजून," आबा छताकडे बघत म्हणाले.

प्रमोदभाऊंनी अंगठा काढला.

"हा आबा, थोडं शे," म्हणाले, आणि ते दोन्ही पाय पुन्हा मांडीवर घेतले.

मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.