आमच्या घरची लाइट जात नाही

मी दुकानात गेलो होतो तो फक्त एक टॉर्च आणायला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की माझा मुळातच काहीतरी मोठा बेत होता. (माझे बेत नेहमी लहानच असतात. मोठा होतो तो घोटाळा.)

टॉर्चचं कारण म्हणजे बायकोचा केक. ही घरी ऑर्डरचे केक करते आणि ते फार छान होतात. हे मी नवरा म्हणून नाही, भांड्यात उरलेलं क्रीम चाटणारा म्हणून सांगतोय. मागच्या महिन्यात दुपारभर लाइट गेली, फ्रिज बंद पडला आणि दोनमजली केक संध्याकाळपर्यंत तळमजल्यावर आला. ही काही बोलली नाही. बायको काही बोलली नाही की नवऱ्याने काहीतरी करायचं असतं, एवढं मला कळतं. काय करायचं असतं ते कळत नाही. म्हणून टॉर्च.

"टॉर्चवर फ्रिज चालेल का?" दुकानदाराने विचारलं.

मुद्दा बिनतोड होता. मग इन्व्हर्टर आला आणि त्याच्यामागोमाग बॅटऱ्या आल्या. "पण लाइट दोन दिवस आलीच नाही तर बॅटऱ्या भरणार कशा?" म्हणून गच्चीवर सोलर आलं. "आणि आभाळ आलं तर?" आभाळाचं मला सुचलंच नव्हतं. म्हणून जनरेटर. जनरेटरही बंद पडला तर काय करायचं, असं शेवटी मीच विचारलं, तेव्हा त्याने वाकून खालच्या खणातून एक टॉर्च काढला आणि म्हणाला, "हा माझ्याकडून भेट."

सगळं बसवून झालं आणि लाइट जायची थांबली. रोज जाणारी ती बया आता मिनिटभरही हलेना. घरात एवढा जामानिमा करून ठेवल्यावर माणसाने वाट तरी किती बघायची? मग मीच मेन स्विच बंद करून प्रात्यक्षिकं दाखवायला लागलो. दूधवाल्याने पाहिलं, मीटर बघायला आलेल्या माणसाने पाहिलं, चुकीच्या पत्त्यावर आलेल्या एका गृहस्थांनीही पाहिलं. लाइट बंद केली की इन्व्हर्टर टूं टूं करायचा. त्याने सासूबाईंची दुपारची झोप मोडायला लागली, म्हणून तो आवाज मी काढून टाकला. (इथे अनुभवी माणसाला पुढचा धोका दिसला असता. मला सासूबाई दिसत होत्या.)

आणि मग हिला एका शाळेची ऑर्डर आली. तीनमजली केक, संध्याकाळी न्यायला येणार. आवडला तर शाळेचे वर्षभराचे सगळे केक हिच्याकडे. दोन दिवस ही त्याच्यामागे होती. सकाळी केक फ्रिजमध्ये ठेवून तिने मला एवढंच विचारलं, "लाइट गेली तर बघाल ना?"

"निर्धास्त राहा," मी म्हणालो.

त्याच सकाळी नेमका मेहुणा आला. त्याला जिन्याखाली नेऊन मी मेन स्विच खाली ओढला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काहीच झालं नाही. तेच तर दाखवतोय. पंख्याला कळलंसुद्धा नाही."

"भाऊजी, काहीच होत नाही हे बघायला मला इथे उभं केलंय का?"

तेवढ्यात त्याच्या बसची वेळ झाली, मी त्याला स्कूटरवरून सोडून आलो आणि जेवून आडवा झालो. जाग आली ती घामाने. पंखा बंद होता आणि फ्रिज चिडीचूप. ज्या क्षणाची मी इतके दिवस वाट पाहिली तो क्षण आला होता.

बॅटऱ्या बघितल्या तर पार रिकाम्या. गच्चीवर धावलो. ऊन रखरखत होतं आणि पॅनलांवर घरातली झाडून सगळी ब्लँकेटं वाळत पडली होती.

"आई, हे काय?"

"जावईबापू, दोरीपर्यंत माझा हात पोचत नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही एवढी ठेंगणी, उतरती जागा करून दिलीत. मला वाटलं माझ्यासाठीच केलीत. चार बायकांना सांगितलं मी, जावई असावा तर असा."

मी अंगणात येऊन जनरेटरची दोरी ओढायला लागलो. मुलगी फाटकाजवळ उभी होती.

"बाबा, समोरच्यांचा टीव्ही चालू आहे."

"त्यांनीही बॅटरी घेतली असेल. माझं बघून लोक घेतात."

"बाबा, त्यांची लिफ्ट वर चाललीय."

"लिफ्टलाही बॅटरी असते. तू अभ्यास कर."

"बाबा, आपल्या फाटकावरचा दिवा पण..."

पुढचं ऐकू आलं नाही, कारण जनरेटर सुरू झाला. तो घराला जोडायच्या आतच त्याच्या आवाजाने सगळी गल्ली बाहेर आली आणि त्याच्या धुराने पुन्हा आत गेली. समोरच्या आजोबांनी कानावर हात ठेवून विचारलं, "अहो, लाइट असताना हे कशाला?"

फाटकावरचा दिवा म्हणजे पालिकेचा खांब. दिवसाढवळ्या जळत होता.

आतून ही बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं, मग जिन्याखाली गेली आणि मेन स्विच वर केला. घरभर सगळं एकदम सुरू झालं. सकाळपासून आमचं घर बॅटरीवर चाललं होतं आणि पंख्याप्रमाणे मलाही ते कळलं नव्हतं.

केकचा वरचा मजला एका बाजूला कलला होता. हिने त्याला टेकू दिला, खाली क्रीमची फुलं लावली आणि वेलही चढवला. मी दाराआड उभा राहून मनातल्या मनात माफी मागत होतो. शाळेच्या बाईंनी तो बघितला आणि म्हणाल्या, "वा, मुद्दाम तिरका केलाय का? वेगळाच दिसतो." वर्षभराची ऑर्डर हिलाच मिळाली.

आता दर आठवड्याला केक असतो. त्या दिवशी केक फ्रिजमध्ये जातो आणि मी वाचनालयात. हा नियम हिने केला, सासूबाईंनी अनुमोदन दिलं आणि मेहुण्याने फोनवरून पाठिंबा कळवला. परवा मी तिथे पेपर वाचत बसलो होतो आणि एकाएकी पंखे थांबले. सगळ्या भागातली लाइट गेली होती, अगदी खरीखुरी. मी पेपर टाकून घरी फोन लावला.

"लाइट गेली का गं?"

"मघाशीच गेली. सगळं झकास चालू आहे. फ्रिज, पंखे, सगळं."

माझा ऊर भरून आला. "मग मी येऊ का आता?"

"लाइट आली की या."