आधी हजेरी, मग काळजी

साळवेकाका आमच्या अभ्यासिकेत चपलांची हजेरी घेत. विक्रोळीतल्या आमच्या बुद्धविहाराच्या वरच्या खोलीत ही अभ्यासिका. दाराशी खुर्ची, मांडीवर लांबट वही आणि नजर सतत खाली. "निळी पट्टी आली नाही आज. बरं नाही का तिला?" निळी पट्टी म्हणजे मी.

काकांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या गेटवर, कामगारांच्या येण्याजाण्याची वेळ लिहिण्यात गेली. लग्न केलं नव्हतं. रिटायर झाले आणि आमच्या मानगुटीवर बसले. आत येताना सही, बाहेर जाताना सही, बाथरूमला जायचं तरी वेळ टाकायची. परीक्षेच्या दिवसांत मी सारखी बाथरूमला पळे. एकदा तर अख्खं पान माझ्याच सह्यांनी भरलं.

मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. घाबरण्याचा पेपर असता तर विद्यापीठात पहिली आले असते. प्रश्नपत्रिका हातात पडली की पाठ केलेलं सगळं गायब. एकदा रडतच काकांना म्हणाले, "माझी वाट लागणार, काका."

त्यांनी पेन पुढे केलं. "आधी हजेरी, मग काळजी."

मार्क किती, केटी म्हणजे राहिलेले विषय किती, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. म्हाताऱ्याला त्यातलं काही कळत नसावं, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्यांचा सगळ्यात विचित्र नियम निकालाच्या दिवसाचा. पास व्हा नाहीतर नापास, त्या दिवशी सहीला यायचंच. कुणी पेढे आणले तर काका पेढा बाजूला ठेवून आधी वही पुढे करत. शेवटची सही होईपर्यंत स्वतः जेवत नसत. "निकाल काकांचाच आहे वाटतं," म्हणून आम्ही हसायचो.

चौथ्या सेमचा निकाल लागला आणि माझ्या केटी मर्यादेबाहेर गेल्या. म्हणजे वर्ष गेलं. पप्पांनी बुलढाण्याकडच्या आमच्या मूळ गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पोरगी इंजिनीअर होतेय. मी फोन बंद केला आणि खाडीकडच्या रस्त्यावर एका बंद टपरीच्या बाकड्यावर जाऊन बसले. पप्पा ओरडतील याची भीती नव्हती. ते ओरडणार नाहीत, नुसते बघत राहतील, याची होती. घर पंधरा मिनिटांवर होतं आणि तिथे जायचं सोडून दुसरं काहीही करायला मी तयार होते. मग मला त्या 'काहीही'चीच भीती वाटायला लागली.

दुपारचे चार वाजले असतील. समोरून साळवेकाका आले, वही काखेत धरून, धापा टाकत. खुर्ची सोडून त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"सही राहिलीय तुझी."

"काका, वर्ष गेलं माझं."

"ते मी विचारलं का? सही कर."

मी केली. वाकडीतिकडी आली. काका शेजारी टेकले.

"एफवायला नापास झालो तेव्हा मी घरी गेलोच नाही," ते म्हणाले. "तीन दिवस स्टेशनच्या बाकावर. वाटायचं, कुणीतरी शोधत येईल. चौथ्या दिवशी भूक सहन होईना म्हणून गेलो. आई म्हणते, 'मामाकडून कधी आलास रे?'"

मला हसू आलं आणि लगेच रडूही फुटलं.

"मी नाहीये, हे कुणाला कळलंच नव्हतं गं," काका म्हणाले आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "चल. मी तुमच्या जिन्याखाली थांबतो."

दार पप्पांनी उघडलं. मला वाटलं होतं तसेच नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "फोन का बंद होता गं? जीव टांगणीला लागला होता आमचा."

दुसऱ्या दिवशी मी अभ्यासिकेत गेले. सहीसाठी वही उघडली. कालच्या माझ्या वाकड्या सहीपुढे काकांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'घरी पोचली. ५.१०.'

त्याखाली एक ओळ होती, 'साळवे जेवले. ५.४५.'